स्ट्रॉम्बोलीसाठी घेतलेलं २० इंची लाटणं, आठ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकतो, हे पोळ्यांचं लाटणं नाहीये. रोजच्या पोळीला आपलं घरचं लाटणं आणि पोळपाट याला तोड नाही, त्यासाठी कोणी हे घेणार असेल तर घेऊ नका. मी लिहितोय ते घरी स्ट्रॉम्बोली, सॉसेज ब्रेड, पालकाचा रोल असले भरलेले इटालियन-अमेरिकन ब्रेड करणाऱ्यांसाठी, किंवा ज्यांनी एकदा करून बघितलं आणि पीठ लाटताना इतका वैताग आला की परत नाव काढलं नाही त्यांच्यासाठी. माझंही तसंच झालं होतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही राहतो अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात फिलाडेल्फियाच्या जवळ, डेलावेअर काउंटीत. इकडे कुठल्याही पिझ्झाच्या दुकानात जा, मेनूत स्ट्रॉम्बोली असतेच, आणि का नसावी, ती जन्मली इथेच. विमानतळाच्या पलीकडे एसिंग्टन म्हणून गाव आहे, तिथे नाझारेनो रोमानो यांनी १९५० साली पिझ्झाच्या पिठात हॅम, चीज, मिरच्या वगैरे गुंडाळून भाजलं आणि त्याच वर्षी इंग्रिड बर्गमन या नटीचा 'स्ट्रॉम्बोली' नावाचा सिनेमा गाजत होता त्यावरून नाव पडलं स्ट्रॉम्बोली. मुळात ते सिसिलीच्या उत्तरेला असलेल्या ज्वालामुखीच्या बेटाचं नाव. म्हणजे नाव इटलीचं पण पदार्थ पक्का पेनसिल्व्हेनियाचा. कॅल्झोन वेगळा, तो नेपल्सचा, त्यात पारी मधोमध दुमडतात, अगदी आपल्या करंजीसारखी अर्धचंद्राची. स्ट्रॉम्बोली दुमडत नाहीत, गुंडाळतात, बाकरवडीसारखी. हा फरक नीट लक्षात ठेवा कारण सगळा लाटण्याचा प्रश्न या गुंडाळण्यातच आहे.

करंजीएवढं किंवा कॅल्झोनएवढं काही असेल तर सात-आठ इंचाची गोल पारी लागते, ती आपल्या लाटण्याने छान होते, माझा त्याबद्दल काही आक्षेप नाही. स्ट्रॉम्बोलीला लागतो चौकोन. एका पाउंडाच्या म्हणजे साधारण ४५० ग्रॅमच्या गोळ्याचा १० बाय १४ इंचाचा आयत, जाडी पाव इंचापेक्षा किंचित कमी, आणि मुख्य म्हणजे सगळीकडे सारखी. मधे जाड राहिली तर गुंडाळल्यावर आतला वेढा कच्चा राहतो, कडा जाड राहिल्या तर दोन्ही टोकांना नुसता पिठाचा गठ्ठा येतो ज्यात सारण नाहीच, आणि कुठे फार पातळ झाली तर तिथून चीज फुटून बाहेर येतं आणि ट्रेवर जळून बसतं.

आता आपल्या हाताला लहानपणापासून बघून बघून गोलच लाटायची सवय. माझं लाटणं १३ इंची, मधे फुगीर आणि टोकांना निमुळतं, ते बनवलंयच त्यासाठी, की पोळी त्याच्याखाली आपली आपण फिरावी. त्याने १४ इंचाचा चौकोन लाटायला गेलं की मधे खड्डा पडतो, लाटण्याच्या टोकांच्या रेघा उमटतात, त्या रेघा मोडायला परत लाटावं लागतं आणि तेवढ्यात पीठ मागे सरकलेलं असतं. हे मागे सरकणं हाच खरा त्रास. १४ इंचापर्यंत ओढलं आणि लाटणं उचललं की डोळ्यांदेखत ११ इंचावर येतं, आणि मग माणूस जोर लावतो, जितका जोर लावाल तितकं ते जास्त आखडतं.

यावर उपाय म्हणून मी पहिल्यांदा ऑनलाइन एक हँडलवालं लाटणं मागवलं, इकडच्या सिनेमांत दिसतं तसलं, आतमध्ये बॉल बेअरिंग आणि बाहेरचं लाकूड गरगर फिरतं. चांगले पैसे मोजले होते. त्याचा फिरणारा भाग फक्त १० इंची होता त्यामुळे रेघांचा प्रश्न तसाच राहिला. शिवाय हँडल धरून लाटताना पिठाखाली काय चाललंय ते हाताला कळतच नाही, कुठे जाड कुठे पातळ सगळं डोळ्यांनी बघून ठरवायचं. चारपाच महिन्यांनी बेअरिंगमध्ये पीठ जाऊन ते करकरायला लागलं आणि एके दिवशी पांढऱ्या शुभ्र पिठावर काळपट तेलाचा ठिपका पडला. तो गोळा मी टाकून दिला आणि ते लाटणंही. खाण्याच्या वस्तूत वंगण मिसळतंय हे मला अजिबात चालत नाही, आणि विकणाऱ्यांनी साधं उत्तरसुद्धा दिलं नाही याचा राग अजून आहे.

मग एका शनिवारी साउथ फिलीला, म्हणजे दक्षिण फिलाडेल्फियात, इटालियन मार्केटमध्ये गेलो. ९व्या रस्त्यावर फँटीज म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यांचं दुकान आहे, १९०६ पासूनचं. आपल्याकडे पुण्यात तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानात शिरल्यावर जसं होतं, घ्यायला एक गेलो आणि दहा गोष्टी हातात, तसं तिथे होतं. पिझेल बिस्किटांचे साचे, रॅव्हिओलीचे ट्रे, मोका पॉट, आणि लाटणी किती प्रकारची. ही वस्तू ऑनलाइन घ्यायचीच नाही, हातात धरून बघायची, हे मी तिथे शिकलो. मी जवळजवळ अर्धा तास एकेक लाटणं काउंटरवर फिरवून बघत होतो आणि मला कोणी एका शब्दाने घाई केली नाही, यासाठी त्या दुकानाला माझे पूर्ण मार्क.

हँडल नसलेल्या लाटण्यांत ढोबळ दोन जाती. एक फ्रेंच पद्धतीचं, दोन्ही टोकांना निमुळतं होत जाणारं, आपल्या लाटण्याचा लांब भाऊच म्हणा. दुसरं सरळसोट, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच जाडी, दांडक्यासारखं. बहुतेक लोक निमुळतं घ्या म्हणतात आणि 'पाय'साठी (ॲपल पाय वगैरे, सारण भरून भाजतात तो) ते बरोबरच आहे कारण त्याची पारी गोल असते. पण चौकोन लाटायचा असेल तर सरळसोटच घ्या. लाटणं पिठाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर जायला हवं, म्हणजे टोकाची रेघ पिठावर उमटायचा प्रश्नच येत नाही, दाब सगळीकडे सारखा पडतो. मी घेतलं ते मेपलचं, २० इंच लांब, पावणेदोन इंच जाड, वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. त्या बेअरिंगवाल्याच्या निम्म्याहून कमी पैशात आलं.

हे वजन फार महत्त्वाचं आहे. पोळी लाटताना आपण मनगटाने हलका दाब देतो, इथे दाब द्यायचाच नाही, लाटण्याचं वजनच काम करतं, तुम्ही फक्त तळहाताखालून ते पुढे ढकलायचं, बोटं मोकळी. आणि हँडल नसल्याने तळहाताला सगळं समजतं, उजवीकडे जरा उंच आहे, इथे हवेचा बुडबुडा आहे, सगळं. पहिल्याच दिवशी पहिली पारी लाटून झाल्यावर मी पट्टी घेऊन मोजली, चारही कोपऱ्यांत जाडी जवळजवळ सारखी. खरंच आनंद झाला.

पण इथे एक प्रामाणिकपणे सांगायला हवं की पीठ मागे सरकायचं ते या लाटण्यानेही सरकतंच. कोणतंही लाटणं ते थांबवू शकत नाही. हे मला कळलं ते आईमुळे. आई सांगलीहून आली होती सहा महिन्यांसाठी, आणि मी फ्रिजमधून गोळा काढून लगेच लाटायला घेतला, दात ओठ खात चाललं होतं, ती शेजारी लसूण सोलत बघत होती. म्हणाली, "अरे, मुरू दे की जरा ते पीठ. किती मारशील त्याला." मी म्हटलं आई हे आपली कणीक नाही, यीस्टचं आहे. तर म्हणाली, "कसलं का असेना, पीठ ते पीठच. झाकून ठेव आणि चहा टाक." चहा झाला, पंधरावीस मिनिटं गेली, आणि तोच गोळा असा काही लाटला गेला की मी बघतच राहिलो.

नंतर वाचून काढलं की असं का होतं. गव्हाच्या पिठात पाणी मिसळलं की ग्लुटेन तयार होतं, त्यात दोन प्रथिनं, ग्लुटेनिन पिठाला रबरासारखं मागे खेचतं आणि ग्लायडिन त्याला ताणू देतं. पिझ्झाच्या पिठाला लागणाऱ्या ब्रेड फ्लोअरमध्ये प्रथिन साडेबारा टक्क्यांच्या आसपास असतं, मळल्यावर आणि गोळा वळल्यावर ते जाळं घट्ट ताणलेलं असतं, थोडा वेळ दिला की सैल पडतं. आपल्या आट्यात प्रथिन काही कमी नसतं पण त्यात कोंडा असतो तो ही जाळी तोडतो, शिवाय कणीक आपण बरीच सैल भिजवतो आणि तेलाचा हात लावून ठेवतो, म्हणून पोळी कधी भांडत नाही. थंड पीठ तर आणखी ताठ. त्यामुळे आता माझी पद्धत अशी आहे, गोळा फ्रिजमधून काढून तेल लावलेल्या भांड्यात झाकून दीड तास बाहेर, मग हाताने चेपून जाडसर चौकोन करायचा, लाटण्याने अर्ध्यापर्यंत लाटायचं, दहा मिनिटं वर ओला फडका टाकून सोडून द्यायचं, तेवढ्यात सारण तयार करायचं, मग पुढचं लाटायचं. मधली ही दहा मिनिटं गाळू नका.

लाटताना मधून सुरुवात करायची, मधून वर आणि मधून खाली, कडेच्या अर्धा इंच अलीकडे थांबायचं. कडेवरून लाटणं खाली उतरवलं की कड चपटी होऊन ओट्याला चिकटते. कोपरे गोल व्हायला लागले की लाटणं तिरकं धरून मधून कोपऱ्याकडे एकदोन हात मारायचे, कोपरा परत येतो. पिठी फार घ्यायची नाही. आपण पोळीला लाटी सरळ पिठात बुडवतो, इथे तसं केलं तर शेवटची शिवण चिकटत नाही आणि ओव्हनमध्ये उलगडते. मी आता पिठीऐवजी ओट्यावर थेंबभर ऑलिव्ह ऑइल फिरवतो, पीठ जरा धरून राहतं आणि मागे कमी सरकतं.

पिझ्झाला लाटणं लावायचं नाही असं इकडचे पिझ्झावाले ठासून सांगतात, सगळी हवा निघून जाते म्हणून, आणि पिझ्झाच्या बाबतीत ते खरंच आहे. पण स्ट्रॉम्बोलीत मोठे बुडबुडे नकोच असतात, वेढ्यांच्या मधे पोकळी पडते आणि कापताना सारण गळून जातं. त्यामुळे इथे बिनधास्त लाटा.

पीठ घरी करायचं तर ५०० ग्रॅम ब्रेड फ्लोअर, ३२० मिली पाणी, १० ग्रॅम मीठ, छोटा चमचा यीस्ट, मोठा चमचाभर ऑलिव्ह ऑइल, मळून फ्रिजमध्ये एक ते तीन दिवस, दोन स्ट्रॉम्बोली होतात. वेळ नसेल तर जवळच्या पिझ्झावाल्याकडे कच्चा गोळा मागा, इकडे बरीच दुकानं देतात, नाहीतर ट्रेडर जोज या किराणा दुकानात एक पाउंडाचा मिळतो. विकतचा गोळा जरा जास्त ओलसर वाटला मला, त्याला थोडी पिठी लागतेच.

सारणाबद्दल थोडक्यात. घरात निम्मे शाकाहारी, म्हणून एक मांसाहारी आणि एक शाकाहारी असा बेत असतो. मांसाहारीत सलामी, हॅम, प्रोव्होलोन चीज. शाकाहारीत पालक नाहीतर ब्रॉकोली राब ही जरा कडसर पालेभाजी, लसणावर परतून, कोशिंबिरीला काकडी पिळतो तशी घट्ट पिळून, पाण्याचा थेंब राहता कामा नये, आणि भाजून सोललेली लाल मिरची. मोझरेला ताजं पाण्यातलं अजिबात नको, लो मॉइश्चर म्हणजे कमी ओलाव्याचं घ्या, नाहीतर खालचा भाग गिळगिळीत. सॉस आत नाही, बाजूला बुडवायला. तीन कडांना इंचभर जागा सोडून सारण पसरायचं, लांब बाजूने गुंडाळायचं, फार आवळायचं नाही, शिवण खाली, टोकं चिमटून आत दुमडायची, वर अंड्याचा हात, तीळ, आणि सुरीने चारपाच तिरक्या चिरा वाफ जायला. ४०० फॅरनहाइटला म्हणजे २०० सेल्सियसच्या जरा वर, २५ ते ३० मिनिटं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबा, लगेच कापलंत तर चीज सगळं वाहून जातं.

कापल्यावर दिसतं की लाटणं कसं होतं. पूर्वी माझ्या तुकड्यात वेढे असे विस्कटलेले असायचे, एका बाजूला जाड पांढरा पट्टा आणि दुसरीकडे नुसतं चीज. आता बाकरवडीचा काप बघावा तसे तीन वेढे सरळ दिसतात, बाहेरचा खरपूस, आतले मऊ, आणि मधला सुद्धा शिजलेला. शेजारी एक इटालियन आजी राहतात, त्यांचं घराणं इटलीतल्या आब्रुझ्झोचं, पास्ता अजून घरी लाटतात, त्यासाठी त्यांच्याकडे हातभर लांब लाटणं आहे, मात्तारेल्लो म्हणतात त्याला. त्यांना मी ताटलीत चार काप नेऊन दिले. त्यांनी खाण्याआधी काप उभा धरून उजेडात बघितला, बोटाने वेढे मोजले आणि म्हणाल्या, "आता जमलं तुला." मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

दुसऱ्या पदार्थांसाठी कितपत उपयोग होतो तेही सांगतो कारण एका पदार्थासाठी एवढी लांब वस्तू कोण घेणार. पेपरोनी रोलला नको. ते छोटे असतात, वेस्ट व्हर्जिनियात फेअरमाँटच्या एका इटालियन बेकरीवाल्याने १९२० च्या दशकात कोळशाच्या खाणीत जाणाऱ्या कामगारांना डब्यात नेता यावेत म्हणून काढले, एका हातात धरून खायचे, त्याला आपलं १३ इंचीच बरं. सिनॅमन रोलला उत्तम. ईस्टरला इकडे पिझ्झागायना करतात, चीज आणि मांस ठासून भरलेला मोठा 'पाय', त्याची खालची मोठी पारी याने मस्त निघते. पोळीला मी प्रयत्न केला, नाही जमत, इतकं वजन पोळीला सोसत नाही आणि ती फिरत नाही. पुरणपोळीचा तर विचारही करू नका, पुरण बाहेर येतं.

पण दिवाळीत आईने हे लाटणं ताब्यात घेतलं ते सोडलंच नाही. साट्याच्या करंज्यांना मोठ्या पोळ्या लाटून साटा लावून एकावर एक घालून गुंडाळायच्या असतात, ती पोळी तिने थेट ओट्यावर लाटली, पोळपाट काढलाच नाही. शंकरपाळ्यांची तर एकेक पोळी ओट्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, एका जाडीची, सगळ्या शंकरपाळ्या एकाच वेळी एकाच रंगाच्या तळून निघाल्या, दर वर्षी काही पातळ म्हणून करपतात आणि काही जाड म्हणून मऊ पडतात ते झालं नाही. बाकरवडीलाही तेच. त्यामुळे माझ्या हिशेबाने पैसे वसूल झाले.

अडचणी आहेत. ड्रॉवरमध्ये मावत नाही, आमच्याकडे ते फ्रिजच्या वर आडवं असतं. हँडल नाही त्यामुळे ओट्यावर ठेवलं की घरंगळतं, एकदा माझ्या पायावर पडलंय आणि अर्धा किलो म्हणजे लागतंच, फडक्यावर ठेवायची सवय लावा. लहान किचन असेल, ओटा दोन फुटांपेक्षा कमी मोकळा असेल, तर लाटताना कोपर भिंतीला लागेल, मग १८ इंची बघा. डिशवॉशरमध्ये नाही, पाण्यात भिजत नाही, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करायचं. चिकटलेलं पीठ आधी वाळू द्या, मग प्लास्टिकच्या उलथन्याने निघतं. महिनादोन महिन्यांनी लाकूड कोरडं दिसलं की फूड ग्रेड मिनरल ऑइल चोळायचं, शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल नको, ते काही दिवसांनी खवट वास मारतं आणि तो वास पिठाला लागतो.

घेताना दोन गोष्टी बघा. सपाट काउंटरवर ठेवून हळू फिरवा आणि डोळे काउंटरच्या पातळीला आणून खालून उजेड दिसतो का बघा, वाकलेलं असेल तर लगेच कळतं, मी बघितलेल्यांत एक वाकडं निघालंच. आणि वरून बोट फिरवून बघा, वार्निशचा गुळगुळीत थर असेल तर नको, त्यावर पिठी टिकत नाही, जरा मंद, कोरडं लागणारं लाकूड असेल ते घ्या.

आई फेब्रुवारीत परत गेली तेव्हा तिच्यासाठी तसंच एक घेतलं, मोठ्या बॅगेत तिरकं ठेवून साड्यांमध्ये गुंडाळलं. परवा व्हिडिओ कॉलवर दाखवत होती, सांगलीच्या ओट्यावर शेजारच्या काकूंना शंकरपाळ्यांची पोळी लाटून दाखवत होती.